जवसाचे अंडे

आमच्या घरात अंडे कधी आले नाही. मी तिसरीत होतो तेव्हा आईने तुळशीची माळ घातली आणि तो प्रश्न कायमचा मिटला. पुढे मी एम. ए. झालो, प्राध्यापक झालो, परगावच्या परिसंवादांत चार लोकांबरोबर ऑम्लेटही खाल्ले. पण पाचोऱ्याच्या घराचा उंबरठा ओलांडताना माझे तोंड शाकाहारीच असते. त्यामुळे वाढदिवसाचा केक ही वस्तू आमच्याकडे कधी आली नाही. मुलीच्या वाढदिवसाला शिरा होई, आणि त्यात एक मेणबत्ती खोचून ती बिचारी समाधान मानी.

तीच मुलगी गेल्या दिवाळीत पुण्याहून आली ती 'व्हीगन' होऊन. हा शब्द १९४४ साली इंग्लंडात जन्मला. डोनाल्ड वॉटसन आणि त्याच्या मित्रांनी 'व्हेजिटेरियन' या लांबलचक शब्दाचे डोके आणि शेपूट घेऊन मधला भाग टाकून दिला. मराठीच्या प्राध्यापकाला याला मध्यमपदलोपी म्हणण्याचा मोह होतो. पण खरा लोप झाला तो दूध, दही आणि तूप यांचा. मांस नाही, अंडे नाही, इथवर आईची आणि नातीची वाट एकच होती. तुपापाशी ती फुटली.

आईने बेसनाचे लाडू पुढे केले. पोरीने एक उचलला आणि मग काहीतरी आठवल्यासारखे विचारले, "आजी, यात तूप आहे ना गं?"

"तूप नाही तर काय रॉकेल घालू?"

मुलीने लाडू हळूच परत डब्यात ठेवला. दूध वासराचे असते, आपले नव्हे, असे काहीसे ती बोलली. आई म्हणाली, "आमच्या दारात गाय होती तेव्हा दोन सड वासराला सोडत असू." एवढेच. वाद झाला नाही. झाला असता तर बरे झाले असते. रात्री पाणी प्यायला उठलो तेव्हा आई लाडवांचा डबा फळीच्या अगदी वरच्या खणात सरकवीत होती. तिथे आमच्याकडे कोणाचाच हात पोचत नाही. तिचाही नाही; ती पाटावर उभी होती.

या मे महिन्यात आईला पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली. मुलगी सुटीवर आली आणि म्हणाली, "बाबा, मी केक करणार. आजीही खाईल आणि मीही खाईन असा." ऐकायला सोपे वाटले. हल्ली कुठल्याही बेकरीत बिनअंड्याचा केक मिळतो. पण त्यात बहुधा आटवलेले गोड दूध असते, म्हणजे आजी पास, नात नापास. आमची नानकटाईसुद्धा बाद. दिवाळीत रवा, मैदा, साखर आणि तूप घेऊन बेकरीच्या भट्टीवर नंबर लावणे ज्यांना आठवत असेल त्यांना ठाऊक आहे की, नानकटाईला अंडे लागत नाही. पण तुपावाचून तिचे पानही हलत नाही.

मग पोरीने सांगितले, "जवस घालायचा." अंड्याच्या जागी जवस! एक मोठा चमचा जवसाची पूड, तीन चमचे पाणी, दहा-पंधरा मिनिटे थांबायचे. झाले एक अंडे.

माझ्या लेखी जवस म्हणजे खानदेशातल्या हिवाळ्यात हरभऱ्याच्या कडेने निळ्या फुलांनी डोलणारे पीक, भाकरीवरची चटणी आणि लहानपणी क्रिकेटच्या बॅटीला चोपडायचे तेल. हे तेल हवेत सुकून घट्ट होते, म्हणून रंगारी ते रंगात घालतात आणि खिडकीच्या काचा बसवायच्या लांबीतही तेच असते. जो पदार्थ काच धरून ठेवतो तो केक का धरणार नाही, असा तर्क मी लढवला. तो चुकीचा होता. चिकटपणा तेलाचा नव्हेच. तो बियांच्या सालीत असतो. पाणी लागले की सालीतून बुळबुळीत लाळ सुटते आणि पाण्याला तार येते. सब्जा फुगतो ती याचीच जात.

आईने विचारले, "जवस कशाला काढलास?" मी सांगितले. ती हसायची थांबेना. "अरे, तुझ्या पाठीवर गळू झालं होतं तेव्हा ह्याचंच पोटीस बांधलं होतं मी! ते आता माझ्या वाढदिवसाला खाऊ घालणार?"

पहिला केक बिघडला. दोष माझा. कपाटातल्या जुन्या इंग्रजी पाकपुस्तकातला चार अंड्यांचा स्पंज केक मी निवडला, आणि त्रैराशिक मांडून चार चमचे जवस, बारा चमचे पाणी घातले. कुकरची शिट्टी आणि रबर काढले, तळाला मीठ पसरले, वर डबा ठेवला. तासाने उघडले तर वर पापुद्रा आणि आत पोस्टर चिकटवायची लुकटी. आई रागावली किंवा फार खूश झाली की अहिराणीवर येते. बोट बुडवून ती म्हणाली, "हाई ते खळ शे!"

अंडे केकात किती कामे करते हे मला त्या दिवशी कळले. ते पीठ बांधते. फेटले की हवा धरून फुगते. त्याच्या पिवळ्या बलकातले लेसिथिन तेल आणि पाणी यांची सोयरीक जुळवते. आणि पांढरा बलक साठ-पासष्ट अंशांच्या आसपास गोठू लागतो, म्हणून फुगलेला केक भट्टीतून बाहेर आल्यावर खाली बसत नाही. जवसाला यातले बांधणे जमते, ओलावा धरणेही जमते. फेस मात्र येत नाही. स्पंज उभा असतो तोच फेसावर. फेस हवा असेल तर हरभऱ्यांकडे जावे लागते. शिजवलेल्या छोल्यांचे पाणी फेटले की पांढऱ्या बलकासारखे फुगते, ही युक्ती २०१४ साली एका फ्रेंच गायकाने पुढे आणली आणि जगभर वाहवा झाली. आपण पुरणाच्या डाळीचे पाणी काढतो आणि कटाची आमटी करून भुरकतो. ते फेटून पाहण्याची बुद्धी आपल्यापैकी कुणाला झाली नाही, याचे मला वैषम्य नाही. कटाची आमटी फेसापेक्षा चांगली.

दुसऱ्या खेपेला पोरीने पुस्तक बाजूला ठेवले. साल काळी पडलेली दोन केळी घेतली. जळगावच्या केळ्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण घरात काळे पडलेले केळे आम्ही अजून गुरांनाच घालतो. ते कुस्करले की तेही पीठ बांधते, म्हणून एका अंड्यापुरताच जवस पुरणार होता. कणीक, साखर, शेंगदाण्याचे तेल, चमचाभर सोडा, आणि सोड्याला उचल यावी म्हणून लिंबाचा रस.

मुलगी पाकिटातली तयार पूड उघडत होती. आई उठली. तिने पूड हुंगली आणि बाजूला सारली. "खवट आहे. जवसाचं कूट शिळं करू नये." खरेच आहे, जवसाचे तेल हवा लागताच बिघडू लागते, ते या बाईला कोणी शिकवले नव्हते. तिने आपल्या बरणीतला मूठभर जवस काढला, मिक्सर मुलीच्या हाती दिला, आणि पाणी गार नव्हे, कोमट घ्यायला लावले. "पोटिसाला कढत घेतो, याला कोमट बास. ढवळत राहा. चमच्यावरून तार लोंबली की झालं." तार पाच मिनिटांत लोंबली. मी दाराशी उभा होतो; मला कोणी काही सांगितले नाही.

पाऊण तासाने विणायची सुई खुपसली, ती कोरडी निघाली. केक फार फुगला नव्हता. रंग गुळाच्या ढेपेसारखा, वास केळ्याचा. आईने तुकडा तोडून आधी देवापुढे ठेवला. असा नैवेद्य आमच्या विठोबाला प्रथमच. मग स्वतः खाल्ला. आम्ही दोघे तिच्या तोंडाकडे पाहत होतो.

"गोड शे," ती म्हणाली, आणि थोड्या वेळाने, "शिरा बरा होता."

मुलगी तीन तुकडे खाऊन पुण्याच्या गाडीला गेली.

आता दिवाळी तोंडावर आली आहे. काल आईने गिरणीतून लाडवांचे जाडसर बेसन दळून आणवले. संध्याकाळी पाहतो तो त्यातले शेराभर तिने वेगळ्या डब्यात काढून ठेवलेले. मी विचारले, "हे कशाला?" ती वाती वळीत होती. मान वर न करता म्हणाली, "शेंगदाण्याच्या तेलात बेसन भाजलं तर लाडू वळला जाईल का रे?"

मला माहीत नव्हते. मी म्हटले, पोरीला फोन करून विचारतो. "नको," ती म्हणाली, "मी बघते."