खालचा गहू

आमच्या स्टोरेजवर रात्री स्क्रबिंग चालायचं: प्रत्येक डिस्कचा प्रत्येक सेक्टर वाचायचा, वाचता न आलेला उरलेल्या डिस्कांवरून पुन्हा लिहायचा. रिपोर्ट संथ चालतात म्हणून मी ते बंद केलं. चार महिन्यांनी रेड-५ मधली एक डिस्क गेली. रिबिल्ड होताना दुसरीवरचे काही सेक्टर वाचताच येईनात. बॅकअपमधून बरंच परत आलं, सगळं नाही. साहेबांना मी ‘हार्डवेअर’ एवढंच सांगितलं.

सुट्टीत धामणगाव बढेला आलो, तर आजी गव्हाची कोठी उपसून ऊन दाखवत होती.

“वरचा तर चांगला आहे, आजी.”

“वरचा त रोजच दिसते. कीड खालून लागते, बापा.”

त्या रात्री मेल लिहिला: स्क्रबिंग मीच बंद केलं होतं.