भाऊ समाजात खूप असतात

निवडणूक जवळ आली की आमच्या भागात विहारांची रंगरंगोटी सुरू होते. चार पावसाळे गळणारे पत्रे आठवडाभरात बदलले जातात. जयंती मंडळाला साउंड मिळतो, टी-शर्ट मिळतात, आणि भोजनदानाच्या पंगतीत हात जोडून एक नवा चेहरा फिरू लागतो. मग आमचीच पोरे सांगतात, "भाऊ समाजात खूप असतात."

समाजात असणे म्हणजे नेमके काय, एवढाच प्रश्न आम्हाला इथे विचारायचा आहे.

आम्ही काही कार्यकर्ते वस्त्यांमध्ये बसतो, बोलतो. उमेदवाराचा विषय काढला की पोरांची आणि बायांची उत्तरे वेगळी येतात. पोरे सांगतात, त्याने जयंतीला किती दिले. बाया सांगतात, नाली तुंबून पाणी चुलीपर्यंत आले त्या रात्री कोण आला होता. मयतीला खांदा द्यायला तर सगळेच येतात, पण नंतर वारसाचे नाव लावायला तहसीलच्या चौथ्या फेरीलाही सोबत कोण होता, हे बाया लक्षात ठेवतात. घराच्या पट्ट्याचा अर्ज कुठल्या टेबलावर अडला आहे हे कोणाला तोंडपाठ आहे, तेही त्यांना माहीत असते. चंद्रपुरात इरई फुगली की नदीकाठच्या वस्त्यांत रात्र जागून काढावी लागते, आणि वीज केंद्राची राख दोरीवरच्या कपड्यांवर बसते. हे दोन्ही ज्याला स्वतःच्या घरात भोगावे लागते, त्याला प्रचाराच्या वेळी वॉर्डाचा नकाशा मागावा लागत नाही.

कोणी म्हणेल, नाली आणि नळ हे काय आंबेडकरी राजकारण आहे? त्यांनी महाड पुन्हा वाचावे. चवदार तळे नगरपालिकेचे होते. बोले यांचा ठराव १९२३ चा, आणि महाड नगरपालिकेने तळे खुले करण्याचा ठराव केला १९२४ साली. ठराव झाला, पण पाणी काही मिळाले नाही. ते मिळवण्यासाठी २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारो लोकांसह तळ्यावर जावे लागले. त्या वेळी नगरपालिकेच्या अध्यक्षपदी सुरेंद्रनाथ टिपणीस होते आणि ते सत्याग्रहाच्या बाजूने उभे राहिले. म्हणजे खुर्चीवर आपल्या बाजूचा माणूस असणे कामाचे असते, पण तळ्यापर्यंत चालत जाणारे लोक नसतील तर तो ठराव दप्तरातच राहतो.

आता आपल्याच जंगलाकडे पाहू. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने सर्वसहमतीने निर्णय घेण्याची शिस्त अनेक वर्षे पाळली. २००९ साली त्यांना सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ साली बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हातात आले. पुढे इतर गावांनीही तेंदू आणि बांबूचा व्यवहार स्वतःकडे घेतला. ठेकेदाराशी भाव करणे, मजुरी वाटणे, हिशेब सभेत मांडणे हे सगळे करता करता माणसे तयार झाली. फेब्रुवारी २०१७ च्या जिल्हा परिषद निवडणुकीत ग्रामसभांनी त्यांच्यातूनच उमेदवार दिले, पक्षाच्या तिकिटाशिवाय. भामरागड तालुक्यातून ॲड. लालसू नोगोटी आणि एटापल्ली तालुक्यातून सैनू गोटा जिल्हा परिषदेवर निवडून आले. पंचायत समित्यांवरही ग्रामसभांची माणसे गेली. नोगोटी हे माडिया समाजातले पहिले वकील म्हणून ओळखले जातात. पण ते वकील आहेत म्हणून गावांनी त्यांना उभे केले असे आम्हाला वाटत नाही. वनहक्क, पेसा आणि सूरजागडची खाण या प्रश्नांवर ते आधीपासून गावांसोबत बोलत होते, म्हणून उभे केले. नेहमी उमेदवार वस्ती शोधत येतो. इथे गावांनी उमेदवार शोधला.

इथे आपल्यातला जाणकार लगेच हात वर करेल. गावाबद्दल बाबासाहेब काय म्हणाले होते? बरोबर आहे. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत त्यांनी खेड्याला संकुचितपणाचे आणि अज्ञानाचे डबके ठरवले. त्याआधी १९३२ साली मुंबईच्या विधिमंडळात ग्रामपंचायत विधेयकाला त्यांनी विरोध केला होता. पंचायत सवर्णांच्या मुठीत जाईल आणि अस्पृश्याला तिथे न्याय मिळणार नाही, ही त्यांची भीती होती. ती आजही खरी आहे. ज्या गावात आपली चार-सहा घरे आहेत, तिथे ग्रामसभेत आपल्या बाईचा आवाज किती ऐकला जातो ते आम्हाला ठाऊक आहे. म्हणून "ग्रामसभेचा उमेदवार" हे शब्द ऐकूनच माना डोलवू नयेत. सभेत कोण बसले, कोण उभे राहिले आणि कोणाला बोलावलेच नाही, हे आधी विचारावे.

पण त्याच कारणासाठी ग्रामसभेकडे पाठ फिरवणे आम्हाला आत्मघात वाटतो. आपले बौद्ध बांधव या जंगलपट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या राहतात, मोहफूल वेचतात, तेंदूला जातात. वैयक्तिक वनहक्क मागताना कायदा त्यांच्याकडे तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा मागतो आणि तिथेच बहुतेक दावे लटकतात. सामूहिक हक्क मात्र ग्रामसभेचा असतो आणि गावच्या मतदारयादीतला प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य असतो. ही वाट खुली असताना काही उमेदवार आपल्या पोरांना येऊन सांगतात की तुमची नोकरी पेसाने खाल्ली, आदिवासींनी खाल्ली. नोकरभरतीचा प्रश्न खरा आहे, त्यावर जरूर भांडू. पण जागाच किती निघतात आणि कंत्राटावर किती भरतात हे न बोलता जो आपल्याला शेजारच्या टोल्यावर सोडतो, तो जयंतीला कितीही देवो, तो आपला नाही.

एवढे झाल्यावर ग्रामसभांच्या दोन सदस्यांनी काय केले, हा प्रश्न उरतोच. ५१ जणांच्या सभागृहात दोघे होते. खाणीचा निर्णय त्या सभागृहात होत नाही, तो मुंबई-दिल्लीत होतो. २०२२ च्या मार्चमध्ये जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला, म्हणजे जाब विचारायला निवडलेला माणूसच उरला नाही. तरी २०२३ साली तोडगट्ट्याला लोक खाणी आणि रस्त्यांविरुद्ध महिनोन्‌महिने बसले. हे बसणे २०१७ च्या निवडणुकीने घडवले असा दावा आम्ही करत नाही. उलटेच झाले असावे. बसणारी गावे आधीपासून होती, म्हणून तसे उमेदवार मिळाले.

आपल्या चांद्यालाही हे नवे नाही. १६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी इथे दीक्षा दिली. तो सोहळा इथे व्हावा म्हणून झटणारे बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे पुढे राज्यसभेचे उपसभापती झाले. आधी काम, मग पद, हा क्रम चांद्याला माहीत आहे. आज बॅनरवर आधी "भावी" लिहिले जाते आणि काम नंतर शोधले जाते.

आमच्या वस्तीत एक ठरले आहे. जो उमेदवार म्हणून येईल त्याच्याकडून विहारासाठी वर्गणी घ्यायची नाही, ती आपसात काढायची. त्याला सतरंजीवर सगळ्यांसोबत बसवायचे आणि बोलण्याची सुरुवात बायांनी करायची. पट्ट्याचे किती अर्ज अडकले आहेत, कुठे, कधीपासून, याची यादी मुली तयार करत आहेत. ती यादी पाहून "बघू, करू" म्हणणारे खूप निघतील. सोमवारी अकरा वाजता कार्यालयाच्या दारात कोण भेटतो, ते वहीत लिहिले जाईल.