न भेटलेल्या माणसाचं देणं

कौंडण्यपूरला डोंगर नाही. वर्धा नदी, काळी जमीन, पऱ्हाटी आणि काठावरची अंबिकेच्या देवळाची टेकडी, एवढीच आमची उंची. चालणं मात्र गावाच्या अंगात. रुक्मिणीमातेची पालखी १५९४ पासून इथून पंढरपूरला जाते. अशा गावातल्या माणसानं एव्हरेस्टवीराचं ऋण सांगावं, हे ऐकायला विचित्रच; पण आहे खरं.

सुरेंद्र चव्हाण यांचं नाव मी पहिल्यांदा वाचलं ते शाळेत असताना, एस.टी.नं येणाऱ्या पेपरात. १८ मे १९९८ ला पुण्याचा हा गिर्यारोहक एव्हरेस्टवर पोचला. शिखरावर पाऊल ठेवणारा पहिला मराठी माणूस. मोहीम नागरी होती, नेते ऋषिकेश यादव. मी बातमी मोठ्यानं वाचली तेव्हा माय तूर पाखडत होती. म्हणाली, "तिथं का ठेवलं हाये रे बाबू?" बाबांनी मात्र एकच विचारलं, "आला ना पन खाली?"

त्या प्रश्नाचं वजन मला पुढं कळलं. अमरावतीत कॉलेजला असताना एक सर भेटले. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या गावात दोराचं कौतुक कुणाला नाही. पण सरांचा दोर मल्लखांबाचा नव्हता, गिर्यारोहणाचा होता. ते आधी आपली गाठ बांधत, मग आमची हातानं चाचपत. बघून भागत नसे. प्रत्येक पीळ बोटाखालून गेला पाहिजे. गाठ पक्की झाली की मग गोष्ट. एकदा त्यांनी चव्हाणांची वाट खडूनं फळ्यावर काढली. तिबेटच्या बाजूची, उत्तरेकडची. सुमारे ७,००० मीटरवर नॉर्थ कोल, तिथून लांबच लांब धार आणि ८,६०० मीटरच्या वर 'सेकंड स्टेप' नावाचा उभा कातळ. चिनी गिर्यारोहकांनी १९७५ मध्ये तिथं शिडी ठोकली. १९२४ मध्ये मॅलरी आणि आयर्विन याच बाजूनं वर गेले ते परतले नाहीत. चव्हाणांच्या आधी दोनच वर्षं, १० मे १९९६ ला, भारत-तिबेट सीमा पोलिसांचे तीन गिर्यारोहक वादळात याच धारेवर मरण पावले. हे सगळं ठाऊक असताना चव्हाण वर गेले आणि उतरून आले. सर 'उतरून आले' वर खडू आपटत. शिखरावरचा फोटो सगळे छापतात, उतरणीचा कुणी छापत नाही, ही त्यांची तक्रार. माझीही आहे.

उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या २८ दिवसांच्या बेसिक कोर्सला जायचं ठरलं तेव्हा घरात रडारड झाली. एकुलतं एक पोरगं, त्यात बर्फ. शेवटी बाबाच म्हणाले, "पुन्याचा तो चव्हाण आला ना वापस? जाऊ दे याले." माझ्यासाठी भांडलं ते चव्हाणांचं परत येणं. मी त्यांना कधी भेटलो नाही, पत्रही लिहिलं नाही. पण त्या वाक्यावर मला हिमालय दिसला, नंतर शिकवण्याचं काम मिळालं, आणि आता शाळेतल्या पोरांना मी गाविलगडावर नेतो. त्यांच्या गाठी चाचपताना बोटं सरांची असतात. भरवसा चव्हाणांचा.

वाट पुढं रुंदावली. २०१२ ला पुण्याच्या 'गिरिप्रेमी'ची नागरी मोहीम एव्हरेस्टवर पोचली. मे २०१८ मध्ये चंद्रपूरच्या आश्रमशाळांतली आदिवासी मुलं शिखरावर उभी राहिली, म्हणजे विदर्भातलीच. आता 'वऱ्हाडात डोंगर कुठं' ही सबब चालायची नाही.

तुमच्या घरातलं पोरगं किंवा पोरगी उत्तरकाशीचा फॉर्म घेऊन आली, तर आधी डॉक्टरांचा दाखला बघा, शिकवणारा कोण ते विचारा, आणि मग सही करा.