गयेचे तिकीट काढण्यापूर्वी

बोधगयेला जायचे ठरले की प्रत्येक वस्तीत आधी यादी तयार होते, आणि ती वाढतच जाते. बोधगयेपर्यंत जायचेच तर राजगीर जवळ आहे. राजगीरला गेलो तर नालंदा पुढेच. मग सारनाथ, मग कुशीनगर, तिथून लुंबिनी, आणि एवढ्या लांब आलोच आहोत तर श्रावस्ती तरी का सोडायची? कागदावर आठ दिवसांत ही सातही स्थळे बसतात. आमच्या पुतण्याने ती बसवून दाखवली होती. पाच रात्री गाडीत, दोन धर्मशाळेत.

आम्ही अकरा जण होतो, त्यांत दोन मुले. सर्वांत मोठी आत्या, वय ७१. भिशीचे पैसे तिने तीन वर्षे याच प्रवासासाठी बाजूला ठेवले होते. उभा जन्म मनमाडात गेला, रेल्वेच्या भोंग्यावर घरातली कामे ठरली, पण रात्रीच्या गाडीत झोपून तिने कधी प्रवास केला नव्हता. यादी ऐकून झाल्यावर तिने एकच विचारले, "बाबा रे, त्या झाडाखाली मला बसायला किती वेळ भेटंल?" पुतण्याने कागद पाहिला. पन्नास मिनिटे.

त्या दिवसापासून आमची यादी उलट्या दिशेने चालू लागली. कुशीनगर, लुंबिनी आणि श्रावस्ती काढून टाकली. तिन्ही स्थळे उत्तरेकडे, गोरखपूर आणि गोंडा-बलरामपूरच्या बाजूला आहेत. ती एक स्वतंत्र सहल आहे. परतीच्या वाटेवर सांची करू, असे एकाने सुचवले. सांची मनमाडकरांना एका रात्रीच्या अंतरावर आहे, ती कधीही होईल. उरले बोधगया, राजगीर-नालंदा आणि सारनाथ. आठ दिवसांना एवढे पुष्कळ आहे. घरात यावरून दोन दिवस अबोला होता हेही सांगून ठेवतो, कारण तुमच्याकडेही होईल.

महिना ठरवताना तीन गोष्टी पाहिल्या. भाद्रपदाच्या पितृपक्षात गयेला पिंडदानाचा मोठा मेळा भरतो. त्या पंधरवड्यात गाडीत जागा नाही आणि गावात खोली नाही. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत उत्तरेत धुके उतरते, गाड्या कित्येक तास उशिरा धावतात आणि सगळे वेळापत्रक कोलमडते. उन्हाळ्यात नालंद्याच्या विटांवर उभे राहवत नाही. म्हणून नोव्हेंबरचा मध्य निवडला. फेब्रुवारीही चालला असता, पण मुलांची शाळा आडवी आली.

तिकिटाचे आरक्षण आता ६० दिवस आधी उघडते. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ते १२० दिवस होते, आणि अजून पुष्कळ मंडळी तोच जुना हिशेब धरून चालतात. एका तिकिटावर सहाच प्रवासी बसतात, म्हणून आमची दोन तिकिटे झाली. दोन्हींवर एक-एक जाणता माणूस राहील अशी वाटणी केली. सगळ्या बायका-मुले एका तिकिटावर आणि सगळे पुरुष दुसऱ्यावर असे करू नये, कारण डबे वेगळे आले तर पंचाईत होते. ४५ वर्षांवरील महिला आणि ६० वर्षांवरील पुरुष यांना शिल्लक असेल तर खालचा बर्थ आपोआप मिळतो, त्यासाठी वय खरे लिहावे. ज्येष्ठांना भाड्यात मिळणारी सवलत मात्र मार्च २०२० मध्ये बंद झाली. वेटिंगच्या तिकिटावर आरक्षित डब्यात चढता येत नाही, तेव्हा "चढल्यावर बघू" हा जुना मंत्र सोडलेला बरा.

आमच्या बाजूने हावडा मेल नावाच्या दोन गाड्या जातात. एक भुसावळहून नागपूरकडे वळते, दुसरी इटारसी, जबलपूर, प्रयागराजच्या बाजूने गयेवरून हावड्याला जाते. आपली ही दुसरी. मनमाडला ती मध्यरात्रीनंतर येते, आणि इथेच कित्येकांची गफलत होते. रविवारी जेवून निघायचे असले तरी बारा वाजून गेले की तारीख सोमवारची असते. तिकिटावर सोमवारची तारीख पाहून कोणी सोमवारी रात्री फलाटावर गेले, तर गाडी आदल्या रात्रीच गेलेली असते. आम्ही दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहून ठेवले होते: रविवारी रात्री, जेवण झाल्यावर.

सोमवारचा सगळा दिवस गाडीत. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा, चिवडा, दशम्या असे दोन दिवस टिकणारे घेतले. आत्या दिवसभर खिडकीशी बसून होती. नर्मदा आली तेव्हा तिने मुलांना उठवले. रात्री झोपताना मात्र एक काळजी घ्यावी लागते. गया हे या गाडीचे शेवटचे स्थानक नाही, आणि गाडी तिथे पहाटेच्या अंधारात पोचते. सासाराम गेले की सामान दाराशी आणून बसावे. उतरल्यावर लगेच रिक्षाच्या मागे धावू नये. प्रतीक्षालयात बसावे, तोंड धुवावे, चहा घ्यावा आणि उजाडल्यावर निघावे. बोधगया तिथून बारा-पंधरा किलोमीटरवर आहे.

आता शुक्रवारचा हिशेब. सारनाथचे आणि नालंद्याचे पुरातत्त्व संग्रहालय शुक्रवारी बंद असते. सारनाथच्या संग्रहालयात सम्राट अशोकाचे सिंहशीर्ष आहे, जे २६ जानेवारी १९५० पासून आपल्या देशाची राजमुद्रा आहे. एवढ्या लांब जाऊन बंद दरवाजा पाहून परतलेली मंडळी आम्हाला वाटेत भेटली. म्हणून आम्ही आधी शुक्रवार कुठे घालायचा ते ठरवले आणि बाकीचे दिवस त्याच्या दोन्ही बाजूंना लावले. मंगळवार आणि बुधवार बोधगया, गुरुवारी नालंदा, शुक्रवारी राजगीरचा गृध्रकूट. डोंगराला सुट्टी नसते.

बोधगयेच्या दोन दिवसांबद्दल फार लिहीत नाही. ज्याने त्याने तिथे जाऊन बसावे. महाबोधी विहाराच्या आत मोबाईल नेता येत नाही, तो बाहेर ठेवावा लागतो. २०१३ च्या बॉम्बस्फोटांनंतर बंदोबस्त कडक झाला आहे. आम्हाला ही अडचण वाटण्याऐवजी सोयच वाटली, कारण अकराही जण दोन तास खरोखर एका जागी होते. पहाटे गर्दी कमी असते. श्रीलंका, थायलंड, तिबेट, व्हिएतनाम इथली माणसे आपापल्या भाषेत वंदना घेत असतात आणि मधूनच "बुद्धं सरणं" कानावर पडते, तेव्हा आपण परके नाही हे कळते. आत्या पहिल्या दिवशी तीन तास बसली. दुसऱ्या दिवशी न विचारता पुन्हा जाऊन बसली. बाकीचे तेवढ्यात निरंजना ओलांडून सुजातेच्या स्तूपाकडे जाऊन आले.

मुलांनी तिथे विचारले की विहार आपले, मग समितीत इतर का? तेव्हा त्यांना १९४९ चा कायदा सांगावा लागला: नऊ जणांची समिती, चार बौद्ध, चार हिंदू आणि अध्यक्ष जिल्हाधिकारी. हा कायदा बदलावा म्हणून २०२५ मध्ये भिक्खूंनी तिथे धरणे धरले होते. मोठ्यांनी हे घरूनच वाचून जावे, म्हणजे मुलांपुढे अडखळावे लागत नाही.

गुरुवारी सकाळी ठरवलेल्या गाडीने निघालो. दोन दिवसांचे भाडे, चालकाचा मुक्काम आणि टोल धरून किती, हे आधी कागदावर लिहून घ्यावे. नालंद्याच्या अवशेषांत सावली फार थोडी आहे. पाणी आणि छत्री हवी. विटांच्या त्या ओळीने लागलेल्या खोल्या पाहिल्यावर आमचा पुतण्या, जो बारावीला आहे, बराच वेळ एका खोलीच्या उंबऱ्यात उभा होता. हे सगळे वसतिगृह होते, हे त्याला खरे वाटेना. ह्युएनत्संग इथे सातव्या शतकात शिकायला आला होता, हे त्याने पुस्तकात वाचलेच होते. नालंदा आणि राजगीरच्या मध्ये सिलाव लागते, तिथला खाजा प्रसिद्ध आहे. एक डबा घेतला आणि तो मनमाडपर्यंत पोचला नाही.

शुक्रवारी पहाटे गृध्रकूट. आत्याला चढ झेपणारा नव्हता. रत्नागिरी टेकडीवरच्या जपानी भिक्खूंनी उभारलेल्या शांतिस्तूपापर्यंत रोपवे जातो, तिथे तिला घेऊन दोघे थांबले, बाकीचे खालच्या वाटेने गृध्रकूटावर उतरले. एकाने मागे राहायचे, हे आधीच ठरलेले असावे. डोंगराच्या पायथ्याशी त्यावर चर्चा करू नये. संध्याकाळी गयेला येऊन मुक्काम केला. रात्रीची गाडी धरून अपरात्री वाराणसीला उतरणे सहज शक्य होते, एक दिवसही वाचला असता. पण शनिवारी सकाळच्या गाडीने गेल्यामुळे डेहरीजवळचा शोण नदीवरचा पूल उजेडात पाहायला मिळाला. १९०० साली बांधलेला, सुमारे तीन किलोमीटर लांब. मुले खांब मोजत होती, संपेचनात.

रविवार पूर्ण सारनाथला दिला. सकाळी संग्रहालय, मग धमेक स्तूप, दुपारी मूलगंधकुटी विहार. हा विहार अनागारिक धम्मपालांच्या प्रयत्नांतून १९३१ मध्ये उभा राहिला. आतली भित्तिचित्रे जपानी चित्रकार कोसेत्सु नोसू यांची आहेत आणि त्यांत भगवंतांचे सगळे चरित्र येते. वाचता न येणाऱ्या आत्याने ती एकेक चित्र ओळखत आम्हाला सांगितली. १९५६ च्या नोव्हेंबरात काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेहून परतताना बाबासाहेबही सारनाथला येऊन गेले होते, महापरिनिर्वाणाच्या थोडे दिवस आधी. हे सांगितल्यावर आमच्यात कोणी बराच वेळ बोलले नाही.

परतीला महानगरी एक्स्प्रेस घेतली. ती वाराणसीहूनच सुटते, त्यामुळे सामान आणि म्हातारी माणसे घेऊन निवांत चढता येते. दुसऱ्या दिवशी मनमाड.

राहिलेली तीन स्थळे पुढच्या वर्षी गोरखपूरमार्गे करायची आहेत. लुंबिनी नेपाळात असल्याने जवळ पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र असावे. आत्याचे ओळखपत्र जुने, फोटो पुसला गेलेला आहे. नवीन करायला अर्ज दिला आहे.