सखूचा मागचा पाय

अरेरा कॉलनी, भोपाळ

चि. सुहास यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. तुझी घोडी सखू मागच्या पायाला हात लावू देत नाही, नालबंद लाथेतून थोडक्यात वाचले, आणि आता जाणती मंडळी म्हणताहेत की वरच्या ओठाला दोरी पिळून धरा, चार माणसं लावा, एकदा धाक बसला की सुतासारखी सरळ येईल. करू का, असं विचारतोस. नको करूस. आधी जनावरांच्या डॉक्टरांना बोलावून तिचा पाय आणि कंबर तपासून घे, खुराच्या खाचेत कुजलंय का तेही बघायला सांग. दुखणं असेल तर शिकवणीचा प्रश्नच नाही. दुखणं नसेल तर पुढचं वाच.

लग्नसराईत इथे जुन्या भोपाळात वरातीच्या घोड्या पाहते. कानाशी बँड, पायाशी फटाके, आणि घोडी जागची हलत नाही. लोक म्हणतात, किती शिकलेली! मी जनावरं तपासण्यात नोकरी घालवली, माझी नजर तिच्या तोंडाकडे जाते. ओठ आवळलेले, नाकपुड्या ताणलेल्या, डोळ्याचा पांढरा भाग दिसतोय. पळून काही उपयोग नाही, एवढंच ती शिकलेली असते. ओठ पिळून उभी केलेली सखूही अशीच उभी राहील, आणि दोरी सुटली की लाथ तिथेच असेल.

दाब म्हणजे क्रौर्य, असं मात्र मी म्हणत नाही. स्वारीचं सगळं जुनं शास्त्र दाब आणि सुटकेवरच उभं आहे. टाच लागली, घोडा चालला, टाच सुटली. इथल्या बिशनखेडीच्या घोडेस्वारी अकादमीत मुलं हेच शिकतात. २०२३ मध्ये आपल्या इंदूरची सुदीप्ती हजेला ज्या संघात होती, त्याने हांगझोच्या आशियाई स्पर्धेत ड्रेसाज या घोडेस्वारीच्या प्रकारात सुवर्ण जिंकलं. त्यातही टाचेचा आणि लगामाचा इशाराच असतो, फक्त इतका हलका की बघणाऱ्याला कळत नाही. पण घाबरलेल्या जनावराला दाबाने पाय उचलायला लावायचा, तर दाब भीतीपेक्षा मोठा करावा लागतो. तिथे दुसरी वाट हवी.

ती वाट डॉल्फिन शिकवणाऱ्यांनी मळवली. डॉल्फिनला लगाम घालता येत नाही, नको वाटलं की तो पोहून जातो. म्हणून हवी ती हालचाल झाली की त्याच क्षणी शिट्टी, मग मासळी. हवाईत हे काम करणाऱ्या कॅरन प्रायर यांनी ही रीत पुढे घरोघरच्या कुत्र्यांपर्यंत नेली. अमेरिकेतच अलेक्झांड्रा कर्लंड यांनी १९९८ मध्ये घोड्यांसाठी त्यावर पुस्तक लिहिलं.

शिट्टी कशाला, मासळीच्या जागी नुसते हरभरे का नकोत? सखूचा मागचा पाय आणि तिचं तोंड यांत अंतर किती ते बघ. तू पायापाशी, तोंडापर्यंत पोचेस्तोवर तिने पाय झटकलेला, मान वळवलेली. हरभरे कशाचे ते तिला कळणार कसं? म्हणून एक खूण ठरव. जिभेचा टकटक आवाज नको, तो चालायला सांगायचा आहे. छोटा "हां" पुरे. आधी नुसतं "हां" म्हण आणि चंदीतलेच भिजवलेले हरभरे दे. "हां" ऐकून ती तोंड तुझ्याकडे वळवू लागली की पुठ्ठ्यावर हात ठेव. शांत राहिली, "हां". हात मांडीवरून खाली. तिने भार दुसऱ्या पायावर घेतला, तेव्हा तर नक्की "हां", कारण पाय द्यायची सुरुवात तीच. खूर जमिनीवरून जरा उचलला, "हां", आणि तिने ओढून घेण्याआधी तूच खाली ठेव. ओढलाच तर धरून ठेवू नकोस, एक पायरी मागे ये. पिछाडी बांधू नकोस, तिला "नको" म्हणता आलं पाहिजे. ते "नको" तुला लवकर दिसलं तर तिला लाथेपर्यंत जावंच लागत नाही.

खाऊने घोडी चावरी होते, असं तुला सांगतील. खिशाला तोंड लावल्यावर दिलं तर होतेच! हात लांब करून, तिचं तोंड सरळ समोर असताना दे, खिसा हुंगला तर काहीच देऊ नकोस. फ्रान्समध्ये रेन विद्यापीठाच्या संशोधकांनी कोवळ्या वयाच्या शिंगरांवर हे तपासलं आणि निष्कर्ष २०१० मध्ये छापले. खाऊ मिळालेली लवकर शिकली, चावणं आणि लाथा त्यांच्यात कमी होत्या, आणि काही महिन्यांनीही ती माणसाजवळ आपणहून येत होती.

सखू भीमथडी जातीची आहे. बाजीरावांनी १७३७ मध्ये निजामाला याच भोपाळात कोंडलं ते अशाच घोडदळाच्या जोरावर, आणि आजही धनगरांची बिऱ्हाडं हीच तट्टं वाहतात. दिवसभर माणसांच्या सोबतीने चालणारी ही जात. तिला शत्रू समजू नकोस.

नालबंदांची तारीख पुढे ढकल. खूर फारच वाढले असतील तर डॉक्टरांकडून गुंगीचं इंजेक्शन देववून या खेपेपुरते साळून घे. दरम्यान लहान दगडाने खुरावर हलकं ठोकायची आणि कानशीच्या आवाजाचीही सवय "हां" म्हणत लाव. नालबंद येतील तेव्हा पहिल्या खेपेला एकच पाय करून घे, पैसे मात्र त्यांना चारही पायांचे दे.

तुझी,
मावशी