बाळाचे श्वास मोजले तेव्हा

एप्रिल २०२१. माझं पहिलं बाळंतपण माहेरी, केज तालुक्यात झालं. लॉकडाऊन होता, तरी पाचवीला घरचीच म्हणत पंधरा माणसं जमली. मीही नको म्हणाले नाही. बाळ सगळ्यांच्या मांडीवर फिरलं.

दहाव्या दिवशी आईने शेगडीवर ओवा टाकला. खोलीभर धूर झाला, पण मला वासच येईना. अंग सकाळपासून दुखत होतं, ते बाळंतपणाचंच असं मी धरून चालले होते. आरोग्य केंद्रात कोरोनाची चाचणी केली. पॉझिटिव्ह.

आम्ही घाबरून बाळ वेगळं केलं. आई पलीकडच्या खोलीत त्याला बाटलीने पावडरचं दूध पाजू लागली. तिकडे ते रडायचं, इकडे माझी छाती दाटून दगड व्हायची. दूध पिळून मी मोरीत ओतलं. त्याचं आजही वाईट वाटतं.

तेराव्या दिवशी बाळाचं अंग तापलं. घरात मोठ्या मुलांना देतात ते तापाचं औषध होतं, त्याचे चार थेंब अंदाजाने दिले. ताप उतरला आणि आम्ही निर्धास्त झालो. सगळ्यात मोठी चूक हीच. इतक्या लहान बाळाला ताप आला तर घरी औषध देऊन वाट बघायची नसते, तडक डॉक्टरांकडे न्यायचं असतं. आम्हाला कुणालाच हे ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आशाताई आल्या. दारातूनच विचारून जातील असं वाटलं होतं. पण मास्क लावून त्या आत आल्या, झबलं वर केलं आणि घड्याळ धरून मिनिटभर बाळाच्या पोटाकडे बघत राहिल्या. ६४ श्वास. पुन्हा मोजले, ६६. “दोन महिन्यांच्या आतलं बाळ आहे, साठच्या वर म्हणजे दवाखानाच. १०८ ला फोन लावा.” श्वास घेताना छाती आत ओढली जात होती. त्यांनी बोट दाखवल्यावर ते मला दिसलं. सकाळपासून लंगोटही ओला झाला नव्हता.

न्यायचं होतं अंबाजोगाईला. त्याच आठवड्यात तिथं एका रुग्णवाहिकेतून २२ मृतदेह नेल्याची बातमी होती. वडील म्हणाले, “तिथं तान्हं लेकरू कसं न्यायचं?” मी काही न बोलता गाडीत जाऊन बसले.

बाळाचीही चाचणी पॉझिटिव्ह आली. दोन दिवस नाकातून ऑक्सिजन दिला. डॉक्टर म्हणाले, बहुतेक तान्ह्या बाळांना हा आजार सौम्यच जातो. पण एखादं खालावलं तर वेळ देत नाही. सिस्टरने पहिलंच विचारलं, “आईचं दूध का तोडलं?” संसर्ग श्वासातून होतो, दुधाची भीती नाही, उलट त्यातून बाळाला बळ मिळतं, असं तिने समजावलं. मी मास्क लावायचा, हात साबणाने धुवायचे आणि पाजायचं. बाळाला मास्क लावायचा नाही, गुदमरतं. ओढायची ताकद नव्हती तोवर माझं दूध वाटी-चमच्याने दिलं. चौथ्या दिवशी ते छातीला लागलं. मास्कच्या आत मी रडत होते.

सातव्या दिवशी घरी आलो. बाळाच्या श्वासाला त्रास नको म्हणून शेगडीचा धूर बंद केला. आईला ते पटायला वेळ लागला.

जुलैत गरोदर बायकांनाही लस मिळू लागली. जाऊबाईला सातवा महिना होता, ती घाबरत होती. बाळाला आईकडे ठेवून मी तिच्याबरोबर केंद्रावर गेले.