तपासणीस जावे की न जावे?

नाव घेतले की दुखणे घरात शिरते, अशी आपल्या लोकांत एक जुनी समजूत आहे. म्हणून क्षयाला कोणी क्षय म्हणत नाही. 'छाती नाजूक आहे', 'जुनाट खोकला आहे', असे म्हणून वेळ मारून नेतात.

गेल्या पावसाळ्यात आमच्या थोरल्या बंधूंच्या थुंकीत क्षयाचे जंतू आढळले. त्यांचे औषध लगेच सुरू झाले. परंतु डॉक्टरांनी घरातील सर्वांसच तपासणीस बोलावले, तेव्हा घरात दोन पक्ष पडले. ज्याला ताप नाही, खोकला नाही, त्याने दवाखान्याची पायरी का चढावी, असे मातुःश्रींचे म्हणणे. वहिनींची काळजी निराळी होती. मुलीच्या सोयरिकीचे बोलणे चालले होते; सगळे कुटुंब तपासणीस गेले, ही वार्ता गंगावेशीपासून राजारामपुरीपर्यंत पोहोचण्यास कितीसा वेळ? खरे सांगावयाचे तर भय आम्हांसही वाटत होते.

हे भय आले कोठून, याचा आम्ही विचार करू लागलो. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिरजेस मिशनचे रुग्णालय उघडले व पुढे जवळच क्षयरोग्यांसाठी आरोग्यधामही उभे राहिले. त्या ठिकाणास आजही वानलेसवाडी म्हणतात. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ सालीच दाखवून दिला होता. पण त्यावरील पहिले गुणकारी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडावयास १९४३ साल उजाडले. मधल्या ६१ वर्षांत रोग कळे, पण उपाय नसे. मोकळी हवा, विश्रांती व सकस अन्न एवढ्यावरच भिस्त. आमच्या आजोबांच्या पिढीने ते नाव टाळले, यात नवल नाही. पुढे औषध आले. भय मात्र वारशाने आमच्यापर्यंत चालत आले.

उपाय नसलेले आजार आजही आहेत. हंटिंग्टन नावाचा मेंदूचा एक आनुवंशिक रोग आहे. आईबापांपैकी एकास तो असल्यास प्रत्येक अपत्यास तो येण्याचा संभव निम्मा असतो. रक्ताच्या तपासणीने भविष्य आधीच कळते. तरीही पुष्कळ जण ते जाणून घेत नाहीत. त्यांस आम्ही भित्रे म्हणणार नाही. त्या रोगास थोपविणारे औषध नाही, आणि तो श्वासावाटे शेजाऱ्यास होत नाही.

क्षयाची गोष्ट वेगळी. जंतू शरीरात शिरणे निराळे आणि रोग होणे निराळे. जंतू शिरलेल्यांपैकी शेकडा ५ ते १० जणांसच आयुष्यात केव्हातरी रोग होतो. इतरांत तो निपचित पडून राहतो. मधुमेहाने वा उपासमारीने शरीर खंगले की तो जागा होण्याचा धोका वाढतो. लहान बालकांस तर भय अधिकच. म्हणूनच धडधाकट माणसाचीही छाती तपासतात, हातावर सुई टोचून दोन-तीन दिवसांनी ती जागा पाहतात, आणि रोग नाही अशी खात्री झाल्यावर तो पुढे होऊ नये म्हणून औषध देतात. अशा दुखण्यात 'मला जाणून घ्यावयाचे नाही' हा एकट्याचा निर्णय राहत नाही. एका छपराखाली निजणाऱ्या सर्वांचा तो होतो.

आमच्या घरी बंधूंचा तीन वर्षांचा नातू आहे. तो रात्रंदिवस आजोबांच्या मांडीवर असे. मातुःश्रींस आम्ही एवढेच विचारले, "या पोराच्या वतीने नाही कोणी म्हणावे?" दुसऱ्या दिवशी सर्वांच्या आधी त्याच लुगडे नेसून तयार होत्या.

दुसऱ्या कोणास रोग निघाला नाही. बाळास प्रतिबंधक औषध चालू आहे. बंधूंचा किमान सहा महिन्यांचा क्रम अद्याप पुरा व्हावयाचा आहे. वहिनींनी वरपक्षास सर्व हकिकत स्वतः कळविली. त्यांचे उत्तर आलेले नाही.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्या घरी असा प्रसंग आल्यास वडीलधाऱ्यांशी वाद घालू नका. दोनच प्रश्न नम्रपणे विचारा: कळल्याने उपाय होणार आहे काय? आणि न कळल्याने दुसऱ्या कोणास अपाय होणार आहे काय? दोहोंचे उत्तर 'होय' असेल, तर लोक काय म्हणतील याची वाट न पाहता देवावर भरवसा ठेवून उठावे व दवाखान्याची वाट धरावी.